बालपरवेशी म्हणजे काय, बाई?

बाई,

तुम्ही गेल्याचं मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग आता तुले रागवन कोन?"

दुसऱ्याच दिवशी ती दारव्ह्याहून बसनं निघाली. वारज्याला आमच्या घरी आली, चहा घेतला आणि म्हणाली, "मले त्यायच्या खोलीत घेऊन चाल." नारायण पेठेतल्या तुमच्या घरी आम्ही दोघी जरा वेळ बसलो. तुमचा पुतण्या भांडीकुंडी आवरत होता. आई तुमच्या खुर्चीकडे बघून हळूच म्हणाली, "इथंच बसून शिकवलं नं मले." तुम्ही तिला काय शिकवलं होतं ते मला ठाऊक होतं. एक शब्द. त्या शब्दावरून आपलं भांडण झालं होतं आणि ते मिटलं असं मी समजत होते. ते कसं मिटलं हे मला आत्ता कळलंय, म्हणून हे लिहिते आहे. शुद्धलेखन तपासायला तुम्ही नाही, तेव्हा चुकांची जबाबदारी माझी.

मी तुमच्याकडे खोली बघायला आले तो दिवस आठवतो. हातात कंपनीचं नेमणूकपत्र, पायात नवे बूट, आणि पुण्यात ओळखीचं कोणी नाही.

"काय करतेस?"

"प्रोग्रॅमर आहे."

"म्हणजे बसून असतेस. गाव?"

"दारव्हा. यवतमाळ जिल्हा."

"असू दे," तुम्ही म्हणालात, जसं काही मी त्याबद्दल माफी मागितली होती. "खोली बघ. नळाला सकाळी पाणी येतं. 'आनि-पानी' बोललेलं मला चालत नाही, 'आणि-पाणी' म्हणायचं."

त्या खोलीत मी चार वर्षं राहिले. मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून तुम्ही निवृत्त झाला होतात, आणि वर्गच नाही म्हटल्यावर मीच तुमचा वर्ग झाले. माझी आईला लिहिलेली पत्रं, माझे रजेचे अर्ज, भाजीवाल्याशी झालेलं माझं बोलणं, सगळं तुम्ही तपासत होतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मला त्याचा राग येत नसे. इतक्या बारकाईनं माझं बोलणं आधी कुणी ऐकलंच नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या कंपनीकडे एका सरकारी कार्यालयाचं पेन्शनचं काम आलं होतं. सगळा कारभार संगणकावर न्यायचा, आणि पडद्यावरची अक्षरं मराठीत हवीत. गटात मराठी शाळेत शिकलेली मी एकटीच, म्हणून मथळे लिहायचं काम माझ्याकडे आलं. कागद घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होतात.

"'कुटुंब निवृत्तिवेतन,'" तुम्ही मोठ्यानं वाचलंत. "कोण निवृत्त झालं? कुटुंब?"

"नाही बाई, तो माणूस. तो वारला की त्याच्या बायकोला मिळतं ते."

"नोकरीत असताना वारला असेल तर?"

"तरी मिळतं. तरी हेच नाव."

"म्हणजे तो निवृत्त झालाच नाही. आणि वेतन म्हणजे केलेल्या कामाचे पैसे. काम बायकोनं केलं का? तीन शब्दांतला एक तेवढा खरा. कुटुंब."

मी हसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, माझ्या आईला हेच मिळतं. माझे बाबा कालव्याच्या चौकीवर होते. मी पहिलीत होते. साप चावला."

पुण्यात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात कुणी विचारलं तर 'वडील सरकारी नोकरीत' एवढंच सांगायचे. कारण गावात ऐकलेलं एक वाक्य माझ्या कानातून जात नव्हतं. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा आमचे मोठे काका चारचौघांत म्हणाले होते, "मेलेल्या मानसाच्या पैशावर पोरगी साहेबीन होऊन राह्यली." तेव्हापासून फी भरताना, पुस्तक घेताना मला वाटायचं की आपण बाबांची किंमत खर्च करतोय.

तुम्ही 'अरेरे' म्हणाला नाहीत. पेन्सिल खाली ठेवलीत आणि म्हणालात, "तुझ्या आईला मिळतं त्याला एक जुना शब्द आहे. बालपरवेशी."

"बालप्रवेश? बालवाडीत घालतात तो?"

"तुला कॉलेजात प्रवेश कुणी दिला गं?" तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. मग समजावून सांगितलंत. पेशवाईतल्या कागदपत्रांत हा शब्द येतो. लढाईत माणूस पडला की त्याच्यामागे मुलाबाळांसाठी सरकारातून काही लावून देत. कधी रोख, कधी जमीन. त्याचं नाव बालपरवेशी.

"बाल कळलं. परवेशी म्हणजे?"

"शोध."

मी शोधायला लागले. आधी मला वाटलं, परवडण्याशी संबंध असेल. मुलांचा खर्च घराला परवडावा म्हणून दिलेलं. तुम्ही म्हणालात, "मग परवडही त्यातच बसव. मुलांचे हाल व्हावेत म्हणून दिलेलं." दुसऱ्या दिवशी मी विचारलं, परदेशीसारखं परवेशी, म्हणजे परक्याच्या वेशीतलं? तुम्ही नुसतं कोड्याकडे बघत राहिलात. उत्तर मिळालं ते कंपनीच्या कँटीनमध्ये. हैदराबादची फरहीन माझ्याशेजारी बसायची. तिला सहज विचारलं तर डाळ-भात कालवता कालवता ती म्हणाली, "परवरिश होगा यार. अम्मी रोज बोलते, इसकी परवरिश में मेरी उमर गई."

त्या संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून जवळजवळ पळतच घरी आले. "बाई, परवरिश! फारसी आहे! वाढवणं, पोसणं!"

"मग? मी काय म्हणत होते?"

"तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?"

"सांगितलेलं तू वहीत उतरवतेस आणि विसरतेस. हे आता मरेपर्यंत विसरणार नाहीस."

"पण परवरिशमधला एक र कुठं गेला?"

"वाटेत सांडला असेल. लांबून आलाय बिचारा."

बाई, तो शब्द मला काय देऊन गेला ते मी तुम्हाला तेव्हा नीट सांगितलं नाही. पेन्शन या शब्दाच्या मुळाशी तोलणं आहे, हेही तुम्हीच सांगितलं होतं, लॅटिनमधून आलेलं. तुम्ही म्हणाला होतात की हा तोलणाऱ्याचा शब्द आहे, हातात तराजू असलेल्याचा. आणि काकांनी जे केलं तेही तोलणंच होतं. एका पारड्यात बाबा, दुसऱ्यात माझी फी. या जुन्या शब्दात तराजूच नव्हता. तो मेलेल्याकडे बघत नव्हता, देणाऱ्याकडेही बघत नव्हता. मागे उरलेल्या पोराकडे बघत होता आणि म्हणत होता, हे वाढलं पाहिजे. इतक्या वर्षांपूर्वी कुणीतरी, कुठल्यातरी कचेरीत बसून, माझा विचार केला होता असं मला वाटलं. वेडेपणा आहे, पण वाटलं.

उत्साहाच्या भरात मी मीटिंगमध्ये सुचवलंसुद्धा की मथळा 'बालपरवेशी' ठेवू या. आमचा लीड म्हणाला, "वंदना, क्लायंट मला मारून टाकेल." घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "मुलंबाळं आहेत का त्याला? मग सोय होईल."

दिवाळीला आई पुण्यात आली. पहिल्या दिवशी दारात तिनं तुम्हाला 'जयभीम बाई' म्हटलं, तुम्ही 'नमस्कार' म्हणालात. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून परतली तेव्हा तुम्हीच दारातून म्हणालात, "जयभीम. चपला आत घ्या, कुत्रं नेतं." मला दोन्ही दिवस आठवतात. दुसरा जास्त.

त्याच दुपारी तुम्ही तिला तो शब्द सांगितलात. मी चकल्या मांडत होते. जमिनीवर नको, खुर्चीवर बसा म्हणून तुम्ही आईला दटावलंत, मग ती काठावर टेकली, दोन्ही हात मांडीवर, वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखी. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती. तुम्ही तिला पेशवाई सांगितली, लढाई सांगितली, परवरिश सांगितली. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे ते लेकराचं असते?"

"लेकराचंच. त्याला वाढवायला दिलेलं."

"बराबर हाये," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. मलाही बरं वाटलं. मला वाटलं, माझं ओझं उतरलं तसं तिचंही उतरलं.

आई गावी परतली. पुढे केव्हातरी फोनवर मी सहज विचारलं, पेन्शन जमा झालं का.

"बंद केलं," ती म्हणाली.

"बंद झालं? का?"

"झालं नाही वं. मीनंच केलं. नोव्हेंबरात दाखला देल्लाच नाही."

पेन्शन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो दिला नाही की पैसे थांबतात. आई त्यासाठी दरवर्षी नवं लुगडं नेसून जायची. त्या वर्षी गेलीच नाही.

"काहाले घेऊ? बाईनं सांगतलं नं, लेकरासाठी असते म्हून. लेकरू मोठं झालं, पगार घेते. आता घेतलं तं दुसऱ्या कोन्या लेकराच्या तोंडचं घेतल्यासारखं होईन."

मी पाठवलेले पैसे ती घेत नव्हती. माझ्या लग्नासाठी म्हणून तशीच ठेवून द्यायची. स्वतःचं असं तिच्याकडे हे पेन्शनच होतं, आणि ते तिनं एका शब्दाखातर सोडलं होतं. मी विचारलं, मग खातेस काय? ती म्हणाली, निंदायला जाते. गुडघे धरत उठणारी माझी आई पुन्हा लोकांच्या शेतात उकिडवी बसून तण उपटत होती.

मी तुमच्यासमोर उभी राहून ओरडले, बाई. तुमच्या घरात पहिल्यांदा. "तुमच्या शब्दापायी माझी आई मजुरीला जातेय!"

"शब्दानं कुणी मजुरीला जात नाही."

"ती गेली! तुम्ही शिकवलंत आणि तिनं खरं मानलं. तिला काय ठाऊक की तुम्हाला नुसती गंमत वाटत होती!"

तुमचा चेहरा पांढरा पडला. पण तुम्ही एवढंच म्हणालात, "शब्द बरोबर आहे."

"असू द्या बरोबर."

"शब्द बरोबर आहे, वंदना. त्याला मी काय करू?"

त्यानंतर कितीतरी दिवस आपण कामापुरतंच बोललो. तुम्ही माझ्या दाराशी चहा ठेवून जायचात, मी कप धुऊन ठेवायचे. मी आईला फोनवर कायदा समजावत राहिले. हे विधवेला जन्मभर मिळतं, आई. हा नियम आहे, हक्क आहे, दुसऱ्या कुणाचं कमी होत नाही. ती प्रत्येक वेळी "हो, हो" म्हणायची, म्हणजे पटलेलं नसायचं. आणि मग एके दिवशी तीच म्हणाली, "देऊन आली दाखला. चालू होईन म्हने."

मला वाटलं, मी जिंकले. तुम्हाला मुद्दाम ऐकवलं, "कायदा समजावला नीट. पटलं तिला."

"छान," तुम्ही म्हणालात. "कायद्याचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा." आणि कोड्यात डोकं घातलंत.

नंतर तुम्ही तो शब्द कधी काढला नाहीत. मी काढला तर म्हणायचात, "दुसरं काही बोल." मी धरून चालले की मी ओरडले ते तुम्हाला लागलंय. एकदा माफी मागायचं ठरवून आले होते, पण तुम्ही माझ्या लग्नपत्रिकेचा मसुदा तपासायला घेतलात आणि 'आशिर्वाद'मधली वेलांटी दीर्घ हवी म्हणून मला इतकं बोललात की ते राहूनच गेलं.

लग्नानंतर मी वारज्याला गेले. शनिवारी येत राहिले. तुम्ही एकदा विचारलंत, "तुमच्या कंपनीत पेन्शन असतं का गं?"

"नाही बाई. शेअर देतात."

"म्हणजे पत्त्यांचा जुगार. आणि तू मेलीस तर?"

"विमा असतो."

"माझं पेन्शन माझ्याबरोबर संपणार. मागे कोणी नाही. सरकारात माझ्यावर फार खूश असतील." तुम्ही हे विनोद म्हणूनच सांगितलंत, आणि मी हसले. त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मागे मी आहे, असं. ते वाक्य आत्ता लिहितानाही मला नीट जमत नाहीये.

तर, परवाची गोष्ट. तुमच्या घरून आम्ही परत आलो. आई मेथी निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "मोठ्या मनाची बाई होती वं. एवढी मास्तरीन, पन मले म्हने, माझं चुकलं."

मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"बाई. फोन केलता नं तिनं मले. तवा, पेन्शन बंद केलतं तवा."

त्या वेळी आईकडे फोन नव्हता. गावातल्या किराणा दुकानात यायचा, तिथून कुणी बोलवायला जायचं. तुमच्या घरी फोन होता, पण तो माझ्या खोलीला लागून. म्हणजे तुम्ही खाली एसटीडी बूथवर गेला असणार. आई शेतातून येईपर्यंत तिथं थांबला असणार, त्या बूथवाल्याचं मराठी ऐकत.

"काय म्हणाल्या?"

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. तुमची नक्कल करायची म्हणून ताठ बसली. "म्हने, 'वंदनाच्या आई, मी तुम्हाला शब्द चुकीचा सांगितला. तुमच्या पैशाचा शब्द बालपरवेशी नाही. नानपरवेशी आहे.' मी म्हनलं, 'बाई, तुमी बी चुकता व्हय?' तं म्हने, 'माणूस आहे, चुकते.'"

"नानपरवेशी?"

"नान म्हंजे भाकर म्हने. हाटेलात भेटते नं, तोच नान. फारशी हाये." आईला हे अगदी पक्कं पाठ होतं. "म्हने, 'लेकरू मोठं झालं म्हणून भाकरी सुटते का माणसाची? तुमची सुटली का?' मी म्हनलं, नाही. 'मग उद्या बँकेत जा. आणि वंदनाला सांगू नका. तिला वाटतं मला सगळं येतं.'"

दुसऱ्या दिवशी आईला सांगून, अर्धी रजा टाकून मी ग्रंथालयात गेले. जुने जाडजूड कोश काढून बसले. दोन्ही शब्द आहेत, बाई. तुम्ही दुसरा मनानं रचला नव्हता. नानपरवेशी म्हणजे पोटगी, पोटापुरती लावून दिलेली नेमणूक, कुणालाही. पण कामावर मेलेल्या माणसाच्या घरासाठी जो शब्द, तो पहिलाच. बालपरवेशी. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलात तोच. तुम्ही मला म्हणाला होतात, शब्द बरोबर आहे, आणि तो बरोबर होता.

तिथं बसून मी विचार करत राहिले. त्या अबोल्याच्या दिवसांत तुम्ही काय काय धुंडाळलं असेल? आईनं एक शब्द खरा मानला आहे, तेव्हा तिला कायद्यानं नाही, दुसऱ्या शब्दानंच माघारी आणता येईल, हे तुम्हाला कळलं आणि मला कळलं नाही. आणि शब्द तरी कसा निवडलात. परवेशी तशीच ठेवलीत, फक्त पुढची दोन अक्षरं बदललीत, बाच्या जागी ना, आणि लचा न केलात. खोटं बोलायची वेळ आली तरी तुम्हाला पूर्ण खोटं बोलवलं नाही. की तुम्हाला खरंच वाटलं होतं की आईसारख्या बाईसाठी दुसराच शब्द योग्य? हे विचारायला आता कुणाकडे जाऊ? फरहीन अमेरिकेत आहे, आणि तिलाही हे माहीत नसणार.

एक मात्र मला माहीत आहे. पाठवणाऱ्यानं 'श्रीमती'ची पहिली वेलांटी चुकवली म्हणून ज्यांनी पाकीट परत केलं, त्या तुम्ही. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला, भर रस्त्यावरच्या बूथमधून, आपलं बरोबर असताना म्हणालात की माझं चुकलं.

संध्याकाळी घरी आले. आई वाट बघत होती. नोव्हेंबर तोंडावर आला आहे. तिला दाखल्यासाठी गावी परतायचं आहे, पण त्याआधी तिला काहीतरी खात्री करून घ्यायची होती हे तिच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

"पाह्यलं का वं पुस्तकात?"

"पाहिलं."

"मंग? बाईचं खरंच चुकलं होतं का? का मले बरं वाटावं म्हून म्हनली?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला खरं सांगितलं की ती खरं मानते, हे मी एकदा पाहिलेलं आहे.

"खरंच चुकलं होतं, आई," मी म्हटलं. "मी नीट बघून आले. तुझा शब्द नानपरवेशीच."

"तरीच," आई म्हणाली. "तिकीट काढून ठेव मंग परवाचं."

बाई, एवढी एक चूक तुमच्या नावावर राहू द्या.